विद्यार्थ्याचे मन आणि आपली जबाबदारी

(विद्यार्थी व प्राध्यापक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापक कॉम्रेडने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. — संपादक)

कॉम्रेड्स,

फीवाढ, रखडलेल्या शिष्यवृत्त्या, प्राध्यापकांची रिक्त पदे आणि शिक्षणाचे खासगीकरण या प्रश्नांवर काल दिवसभर येथे सविस्तर चर्चा झाली. माझ्याकडे आलेला विषय कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी आहे, आणि त्याला वेळही सर्वांत कमी दिलेला आहे. मी त्याबद्दल तक्रार करीत नाही. परंतु विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न आपल्याकडे नेहमीच शेवटी येतो, उरलेल्या वेळात येतो, आणि बहुधा एखाद्या वसतिगृहात मृत्यू घडल्यानंतरच येतो, हे मात्र आपण मान्य केले पाहिजे. मी स्वतः त्याला अपवाद नव्हतो. म्हणून प्रथम माझ्याच एका चुकीची हकीगत सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावातून आलेला एक मुलगा होता. घरातील कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. वाचन चांगले, बोलणे मोजके. विद्यार्थी संघटनेच्या कामात तो पुढे असे. दुसऱ्या वर्षी अकस्मात त्याचे येणे कमी झाले. बैठकांना गैरहजर, वर्गात गैरहजर. एके दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. भर दुपारी खिडकी लावलेली होती. डबा न उघडताच तसाच पडलेला होता. पुस्तके ट्रंकेत बांधून ठेवलेली होती. तो कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी दारातच उभे राहून त्याला सुनावले, "घरातला पहिला पदवीधर होणार तू, आणि असे हातपाय गाळून बसतोस? उद्या मोर्चा आहे. कामाला लाग, मन आपोआप ताळ्यावर येईल." त्याने मान हलविली. दुसऱ्या दिवशी तो मोर्चाला आला, शेवटपर्यंत झेंडा धरून चालला. आपला उपाय लागू पडला असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी तो कोणालाही न सांगता गावी निघून गेला आणि पुन्हा महाविद्यालयात आला नाही.

चार वर्षांनी तो मला एका एस. टी. स्टँडवर भेटला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून काम करीत होता. गावी गेल्यावर त्याची अवस्था फार बिघडली होती. घरच्यांनी आधी देवऋषी केला, अंगारे-धुपारे केले. अखेर थोरल्या बहिणीने हट्टाने त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले आणि औषधोपचाराने तो सावरला. मी विचारले, "मला का सांगितले नाहीस?" तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या दिवशी तुम्ही खोलीवर आलात, पण बसला नाहीत."

कॉम्रेड्स, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आज मला जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे त्या एका वाक्यात आहे.

आता प्रश्नाची व्याप्ती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या अहवालानुसार २०१३ साली देशात ८,४२३ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२२ साली हा आकडा १३,०४४ झाला आणि २०२३ साली १३,८९२. म्हणजे दररोज सरासरी अडतीस विद्यार्थी. राज्यवार आकड्यांत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. २०२३ साली एकट्या महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक विद्यार्थी आपण गमावले. यात शाळकरी मुलेही आहेत, महाविद्यालयीनही आहेत. पोलिसांच्या दप्तरी नोंदल्या न गेलेल्या मृत्यूंचा हिशेब अर्थातच यात नाही. आणि जे जिवंत आहेत परंतु ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांचे वर्ष वाया गेले आहे, जे शिक्षण सोडून मुकाट्याने घरी परतले आहेत, त्यांची मोजदाद कोणतेच कार्यालय करीत नाही. तो मुलगाही कोणत्याच आकडेवारीत नव्हता. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ एक लाल रेघ ओढली गेली.

या मृत्यूंचे स्पष्टीकरण वर्तमानपत्रे दोन शब्दांत देतात: "परीक्षेत अपयश". वस्तुस्थिती काय आहे? २०२२ च्या त्याच अहवालात परीक्षेतील अपयश हे कारण देशभरात २,२४८ मृत्यूंपुढे नोंदलेले आहे. हे सारे विद्यार्थीच होते असे धरून चालले, तरी ते त्या वर्षीच्या विद्यार्थी-आत्महत्यांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरतात. मग उरलेले कोण? त्यांना कशाने गाठले? हा प्रश्न विचारल्याशिवाय आपण पुढे जाऊ शकत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याचे दोन चुकीचे दृष्टिकोन आहेत आणि दोन्ही आपल्यात आढळतात.

पहिला दृष्टिकोन म्हणजे हा मनाचा दुबळेपणा आहे असे मानण्याचा. "आम्ही दिव्याखाली अभ्यास केला, दुष्काळ पाहिला, तुरुंग पाहिला, आम्हाला कधी नैराश्य आले नाही", असे आपले ज्येष्ठ कॉम्रेड म्हणतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांपैकी जे मध्येच नाहीसे झाले, ज्यांना गावाने "डोक्यावर परिणाम झालेला" ठरवून ओसरीवर बसवून ठेवले, त्यांची आठवण त्यांनी जरा चाळवून पाहावी. आजार तेव्हाही होता. त्याला नाव नव्हते, आणि उपचार त्याहून नव्हता. क्षय झालेल्या माणसाला आपण "फुप्फुसांनी हिंमत धरावी" असे सांगत नाही. बहुसंख्य मानसिक विकारांची सुरुवात वयाच्या पंचविशीच्या आत होते, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. म्हणजे नेमक्या ज्या वयात मूल घर सोडून विद्यापीठात येते, त्याच वयात. हा योगायोग ज्या विद्यापीठाच्या ध्यानात नाही, ते विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांना ओळखत नाही.

दुसरा दृष्टिकोन अधिक आपला, आणि म्हणून अधिक धोक्याचा आहे. तो म्हणतो: समाज आजारी आहे म्हणून माणूस आजारी पडतो, समाज बदला, आजार जाईल, तोवर वैयक्तिक उपचार ही मध्यमवर्गीय चैन होय. यातील पहिले विधान बरेचसे खरे आहे. १८४६ साली मार्क्सने पॅरिसच्या पोलीस दप्तरातील नोंदींवर आधारलेल्या, झाक पशे यांच्या लिखाणातील आत्महत्यांविषयीचा भाग आपल्या टिपणांसह प्रसिद्ध केला होता. ज्यांचा जीव कुटुंबातील जुलमाने आणि समाजाच्या नीतिनियमांनी घोटला अशा माणसांच्या कहाण्या त्यात आहेत. तेव्हा आत्महत्येची मुळे समाजात शोधण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही. परंतु त्यातून निघणारा "तोवर थांबा" हा निष्कर्ष सर्वस्वी चूक आहे. कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात सापडला तर आपण मालकाविरुद्ध लढा देतोच. पण त्याआधी कामगाराला दवाखान्यात नेतो. लढा चालू आहे म्हणून जखम बांधायची थांबवीत नाही. मनाच्या बाबतीतच आपण हा साधा विवेक का विसरतो?

तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरल्या पाहिजेत. विद्यार्थ्याला उपचार मिळाले पाहिजेत आणि त्याला आजारी करणारी परिस्थितीही बदलली पाहिजे.

ती परिस्थिती कोणती, ते नेमके पाहू. कारण "स्पर्धेचे युग" यांसारख्या गुळगुळीत शब्दांनी काहीच हाती लागत नाही. यवतमाळ किंवा नंदुरबार जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला, हैदराबादला किंवा दिल्लीला शिकायला गेलेल्या मुलीचा एक महिना डोळ्यांसमोर आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर महिनोन्‌महिने "प्रलंबित" दिसतो. खानावळवाला मागची बाकी मागतो. कार्यालयातील कारकून सर्वांदेखत ओरडतो की फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेणार नाही. ती बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. वर्गात सारे इंग्रजीत चालते, आणि शंका विचारली की मागच्या बाकावर हसू फुटते. घरी फोन करावा तर वडील पावसाविषयी आणि कर्जाविषयी बोलतात. मग ती "सगळे ठीक आहे" म्हणून फोन ठेवते. यातील एकेक गोष्ट सुटी घेतली तर सोसण्याजोगी वाटते. पण त्या सुट्या येत नाहीत. त्या एकत्र येतात, आणि ज्याच्या पाठीशी पैसा, ओळख आणि भाषा या तिन्हींपैकी काहीच नाही, त्याच्यावर त्या एकदम कोसळतात.

याच्या जोडीला जात आहे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना सहन करावा लागणारा दुरावा, शिक्षकांची वागणूक, आणि वसतिगृहात हे विद्यार्थी विशिष्ट मजल्यांवर कसे एकवटले होते, हे सारे त्यात नोंदलेले आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढण्यात आले होते, आणि आपल्या अखेरच्या पत्रात त्याने सात महिन्यांची फेलोशिप थकल्याचा उल्लेख केला होता. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केलेले नियम प्रत्यक्षात अमलात यावेत, ही त्यांची मागणी होती. एक माता आंध्रची, एक खानदेशची. ज्यांनी स्वतःचे मूल गमावले त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढावी, याहून मोठा धडा आपल्याला कोण देणार?

आता कायद्याकडे वळू. आपल्या अनेक कार्यकर्त्यांना हे कायदे ठाऊक नसतात, आणि अधिकारी त्या अज्ञानाचा लाभ घेतात.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आजाराविषयीची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे या कायद्याचे ११५ वे कलम गृहीत धरते. तिला शिक्षा न करता तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकते. एखाद्याची राजकीय वा सामाजिक मते प्रचलित मतांहून वेगळी आहेत म्हणून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, हेही याच कायद्यात आहे. आपल्या दृष्टीने ही तरतूद ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश दिव्यांगत्वात केलेला आहे. म्हणजे दीर्घकाळ आजारी असलेला विद्यार्थी परीक्षेत किंवा हजेरीत सवलत मागतो तेव्हा तो भीक मागत नसतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे स्पष्ट केले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. शिक्षक आणि कर्मचारी यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण दिले पाहिजे. गुणांवरून तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे बंद झाले पाहिजे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. त्याच वर्षी मार्च महिन्यात, दिल्लीतील दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या प्रकरणात, न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदलही न्यायालयाने नेमले होते.

म्हणजे कागद तयार आहे. पण आपल्या महाविद्यालयात जाऊन पाहा. "समुपदेशन केंद्र" अशी पाटी असते. ती खोली बहुधा प्राचार्यांच्या दालनाशेजारी असते, म्हणजे आत जाणारा प्रत्येक विद्यार्थी साऱ्या कार्यालयाच्या नजरेखालून जातो. केंद्राची जबाबदारी मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकावर असते, आणि हाच प्राध्यापक त्याचे अंतर्गत गुणही देतो. कोठे समुपदेशक नेमलेला असला तर तो तासिका तत्त्वावर. मार्चमध्ये करार संपला की परीक्षेच्या ऐन दिवसांत खोलीला कुलूप. ज्याच्या स्वतःच्या नोकरीची शाश्वती नाही त्याने दुसऱ्याला धीर द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. बाहेर पाहावे तर बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांच्या सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असे आढळले होते. तेव्हा कायमस्वरूपी समुपदेशकाची मागणी आपल्या मागणीपत्रकात फीवाढीच्या शेजारी आली पाहिजे, तिच्या खाली नव्हे.

पण कॉम्रेड्स, मागणी मान्य होईपर्यंत आज रात्री वसतिगृहात जो जागा आहे त्याचे काय? म्हणून आता आपण स्वतः काय करू शकतो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, ओळखणे. नेहमी येणारा येईनासा होतो. जेवण टाळतो किंवा रात्ररात्र जागतो. आंघोळ, कपडे, खोली यांकडे त्याचे लक्ष राहत नाही. आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, हिशेब चुकते करतो, निरवानिरवीची भाषा बोलतो. आपल्या भाषेत माणूस सहसा "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "जीव रमत नाही", "काही सुचत नाही", "डोके बधिर झाले आहे", "छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते". हे शब्द कानावर आले की चालता पाय थांबला पाहिजे.

दुसरी गोष्ट, बसणे आणि ऐकणे. उपदेश करू नये, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे उदाहरण देऊ नये, "तुझ्याहून वाईट स्थितीत लोक आहेत" असे तर मुळीच म्हणू नये. जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे शंका आल्यास सरळ, शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच अनेकांचा कोंडलेला श्वास मोकळा होतो.

तिसरी गोष्ट, एकटे न सोडणे. उत्तर होकारार्थी आले, तर त्या रात्री त्याला खोलीत एकटे ठेवू नये. आपण थांबावे किंवा विश्वासातल्या कोणाला तरी थांबवावे, आणि त्याला तातडीने डॉक्टरांपर्यंत न्यावे. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या कॉम्रेड्सनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मनातले दुःख परक्या भाषेत मांडताना अर्धे तेथेच सांडते. परप्रांतात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आपल्या भाषेत ऐकणारा माणूस मिळवून देणे, आणि आपल्या गावात शिकायला आलेल्या बिहारी, मणिपुरी किंवा मल्याळी विद्यार्थ्याला त्याच्या भाषेतला माणूस शोधून देणे, हे एकच काम आहे.

चौथी गोष्ट, गुप्तता. बैठकीत "अमुक कॉम्रेड सध्या आजारी आहे, म्हणजे मनाने" असे कुजबुजून सांगणारे आपल्यात असतात. हे बंद झाले पाहिजे. त्याच्या संमतीवाचून कोणालाही सांगू नये. जिवाला धोका असेल तेव्हाच हा नियम मोडावा, तोही ज्याच्या हाती मदत आहे त्याच्यापुरता, आणि शक्यतो त्याला सांगून.

पाचवी गोष्ट, उपचारांना सोबत. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना पाय अडखळतात. तेव्हा बरोबर जावे. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. "आठ दिवस घेतली, उपयोग नाही" म्हणून ती सोडून देऊ नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत. हे त्याला माहीत नसते. आपण सांगावे. घरच्यांना भगत-देवऋषी सुचत असेल तर त्यांच्यावर हसू नये. त्यांना दुसरा मार्ग कोणी दाखविलेलाच नसतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण माणसाला मांत्रिकाच्या दारातून परत फिरवायचे तर कायद्याबरोबर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाचा पत्ता आणि वारही सांगावा लागतो.

सहावी गोष्ट, कार्यालयातील काम. ही मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण येथे आपण खरोखर उपयोगी पडू शकतो. थकलेली फी, अडलेला परीक्षेचा अर्ज, कमी भरलेली हजेरी, रखडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहातून काढण्याची नोटीस: ही कामे आजारी विद्यार्थ्याच्याने होत नाहीत. खिडकीपुढे रांगेत उभे राहण्याचेही त्राण त्याच्यात नसते. ते आपल्याला येते. आपण ते रोज करतो. त्याचा अर्ज आपण लिहावा, पोच घ्यावी, पाठपुरावा करावा. पुष्कळदा डोक्यावरचे एक कागदी ओझे उतरले की उपचारांना वाट मिळते.

सातवी गोष्ट, परत येण्याची सोय. वर्षभर घरी राहून आलेला विद्यार्थी वर्गात शिरतो तेव्हा त्याचे सोबती पुढे गेलेले असतात. वसतिगृहातील जागा गेलेली असते. तो बरा होऊन आलेला असतो, पण त्याला परत घेण्याची पद्धतच संस्थेकडे नसते. खंड पडलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश, जागा आणि शिष्यवृत्ती अबाधित राहील, असा लेखी नियम प्रत्येक विद्यापीठात झाला पाहिजे. त्या मुलासाठी तो असता, तर कदाचित आज तो वजनकाट्यावर नव्हे, फळ्यापुढे उभा असता.

शेवटी थोडे आपल्या स्वतःविषयी. संघटनेत आपण तरुण मुलांना काय देतो? रात्री बारापर्यंत लांबणाऱ्या बैठका, परीक्षेच्या तोंडावर मोर्चे, आणि जो थकला म्हणेल त्याच्याकडे पाहण्याची एक विशिष्ट नजर. "कमिटमेंट कमी पडते" हा शब्दप्रयोग किती जणांना आपण लावला आणि त्यांपैकी किती जण त्या वेळी खरोखर आजारी होते, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मी ठेवलेला नाही. चळवळीने माणसाला बळ मिळते, एकटेपणा ओसरतो, हे खरे आहे. मी ते शेकडो मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. पण चळवळ हे औषध नव्हे. थकलेल्या कार्यकर्त्याला विश्रांती मागण्याची लाज वाटू नये, अशी संघटना उभी करणे हे आपल्याच हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारच्या मंजुरीची गरज नाही.

कॉम्रेड्स, ज्या कुटुंबातून पहिल्यांदाच कोणी विद्यापीठात पोचतो, त्याच्या मागे दोन-तीन पिढ्यांचे पोट मारणे असते. तो मुलगा, ती मुलगी मध्येच गळून पडली तर एका घराचीच नव्हे, साऱ्या वस्तीची शिक्षणावरची श्रद्धा ढासळते. शेजारची बाई आपल्या पोरीला म्हणते, "बघितलेस, शिकून काय झाले?" सर्वांसाठी शिक्षण ही मागणी आपण करतो, तेव्हा दार उघडून देणे एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही. आत गेलेला प्रत्येक जण धडधाकट बाहेर यावा, येथपर्यंत ती जाते.

आपापल्या गावी परतल्यावर आपण तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात समुपदेशक आहे का, कायम आहे की कंत्राटी, आणि त्याची खोली कोठे आहे, हे स्वतः जाऊन पाहा आणि लेखी विचारा. १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मराठीत आणि तेथील भाषेत लावा. आणि बरेच दिवस न दिसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीवर या आठवड्यात जा.

गेल्यावर दारात उभे राहू नका. आत जाऊन बसा.